गलबताचा तळ आणि मित्रांचे हात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



समुद्र हा विषय आपल्या ज्ञातीला नवा नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे तांडेल, खलाशी किंवा नाखवे होते, आणि त्यांच्या सफरींच्या कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत. त्या कथांत वादळे असतात, फाटलेली शिडे असतात, परमुलखातील बंदरे असतात. एक गोष्ट मात्र त्यांत सहसा सापडत नाही. ते गलबत दरवर्षी किनाऱ्यावर ओढून कोणी तपासले, त्याचा तळ कोणी खरवडला आणि त्याच्या फळ्यांमधील फटी कोणी भरल्या, हे कोणी सांगत नाही. आज मी त्याविषयी चार शब्द बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गलबताचे आयुष्य समुद्रात ठरत नाही. ते किनाऱ्यावरील काही आठवड्यांत ठरते, आणि त्या आठवड्यांत मदतीला कोण येते यावर ठरते.

आपल्या किनाऱ्याला ही विश्रांती निसर्गानेच लावून दिली आहे. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की शिडाची होडी समुद्रात राहू शकत नाही. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळा लागण्याआधीच आरमार सुरक्षित बंदरात आणून त्याची छावणी करावी, असे त्यात बजावले आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. सांप्रत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायदा अलीकडचा असला तरी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्याबाहेर ठेवण्याचा आपला रिवाज त्याहून कितीतरी जुना आहे.

होडी वर ओढावी लागते ती केवळ वादळाच्या भयाने नव्हे. पाण्याखाली तळाला दोन शत्रू असतात. एक बाहेरून चिकटतो, दुसरा आतून पोखरतो. बाहेरून चिकटणाऱ्यांत शेवाळ, कालवे आणि बार्नॅकल हे प्रमुख होत. बार्नॅकलचे पिल्लू प्रथम पाण्यात स्वैर पोहते. मग एखादी जागा निवडून ते आपले डोकेच तिला चिकटविते, भोवती चुनखडीचे कवच उभारते आणि जन्मभर तेथेच राहते. असे हजारो पाहुणे तळाला बसले की होडी जड होते, सुकाणूला दाद देत नाही आणि चांगल्या वाऱ्यातही रेंगाळते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची जी 'गोल्डन ग्लोब' शर्यत २०२२ साली सुरू झाली, तीत आपले अभिलाष टॉमी यांनी दुसरा क्रमांक मिळविला. त्याच शर्यतीत इतर काही नौकांचा वेग या बार्नॅकलनेच खाल्ला. हा जीव माणसाला आजही असा छळतो.

दुसरा शत्रू लाकूड पोखरणारा टेरेडो. त्याला किडा म्हणतात, परंतु तो आहे शिंपल्यांच्या कुळातील. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो पिल्लू असतानाच आत शिरतो आणि आत गेल्यावर वाढतो. त्यामुळे बाहेरून फळी धडधाकट दिसते, आणि आतून तिची चाळण झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत उरलेली दोन जहाजे या जीवाने इतकी खिळखिळी केली की, १५०३ साली त्याला ती जमैकाच्या किनाऱ्याला लावावी लागली आणि सुटकेची वाट पाहत वर्षभर तेथेच पडून राहावे लागले. टेरेडोला गोडे पाणी मानवत नाही आणि कोरडी हवाही सोसत नाही. पावसाळ्यात होडी खाडीत दूरवर आत नेणे किंवा जमिनीवर ओढणे, हे आपल्या पूर्वजांचे दोन्ही उपाय म्हणूनच शास्त्रशुद्ध होते.

युरोपीय लोकांनी यावर तांब्याचा उपाय शोधला. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. काही काळाने पाहतात तो पत्रा शाबूत, पण तांब्याला लागलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो. याच गुणाचा उपयोग करून १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली खरी. परंतु ती थांबताच त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल वाढू लागले. तांबे किंचित झिजते व पाण्यात विरघळते, म्हणूनच ते तळाचे रक्षण करते, हे तेव्हा उमगले. तात्पर्य, कायमचा लेप नावाची वस्तू जगात नाही.

लाकडाचीही तीच गोष्ट. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारच्या सागवानातून बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. आपण अभिमानाने म्हणतो, 'सागवान पाहा, दोनशे वर्षे टिकले!' सागवानाचा गुण मी नाकारीत नाही. परंतु त्या नौकेच्या जीर्णोद्धारासाठी १९९० पासून २००१ पर्यंत कारागीर राबत होते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. जन्मभर कारकुनी केल्यामुळे माझ्या हाती पटाशीपेक्षा लेखणीच अधिक काळ राहिली. तळाचे काम प्रत्यक्ष काय असते हे मला २०२४ साली, वयाची साठी उलटल्यावर कळले.

देवगड तालुक्यातील आमच्या गावी माझा एक बालमित्र तांडेल होता. त्याचा बत्तीस फुटी मचवा गावातला शिडाचा अखेरचा मचवा. २०२२ च्या वैशाखात त्याने तो नेहमीप्रमाणे वर ओढला, झापांनी शाकारला, आणि श्रावण उजाडण्यापूर्वीच त्याने देह ठेवला. मुलगे मुंबईत नोकरीला. मचवा दोन पावसाळे तसाच पडून राहिला. पुढे एका हॉटेलवाल्याने आपल्या अंगणात शोभेसाठी तो मागितला. रक्कम बरी होती आणि मुलांचे मनही झाले होते. परंतु वहिनी म्हणाल्या, "त्यात माती भरून फुलझाडे लावणार म्हणतात. त्यापेक्षा मी त्याच्या फळ्या चुलीत घालीन." हे बोलणे माझ्या कानी आले. आम्ही मित्रमंडळी जमलो आणि येत्या नारळी पौर्णिमेला मचवा पाण्यात उतरवून देण्याचे वहिनींना वचन दिले.

आम्ही नऊ जण होतो. त्यांत आपल्या ज्ञातीचे तिघेच, हे मी मुद्दाम सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक सुतार मेस्त्री, मुंबईच्या गोदीत आयुष्य घालविलेले एक मुसलमान सारंग, शाळेतील एक गुरुजी, गावातील लोहार, इंजिन दुरुस्त करणारे दोघे भाऊ आणि आम्ही तिघे. शेतीच्या कामात आपल्याकडे सावड असते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. आमची ही सावडच होती. फरक इतकाच की, परतफेड घेणारा मित्र हयात नव्हता.

मेस्त्रींनी पहिला सबंध दिवस कोणाला पाटाला-पटाशीला हात लावू दिला नाही. ते एक लहान हातोडी घेऊन मचव्याभोवती फिरले आणि प्रत्येक फळीवर टकटक करून ऐकत राहिले. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द वाजते. संशय येईल तेथे ते चाकूचे टोक रुतवून पाहत आणि खडूने खूण करीत. सायंकाळी हिशेब लागला. होडीचा कणा, ज्याला आपण पठाण म्हणतो, तो उत्तम होता. परंतु कण्यालगतच्या तीन फळ्या आणि दोन फासळ्यांचे बुंधे गेले होते. कारण अगदी साधे होते. होडी वर ओढल्यावर पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तळाचे बूच काढून ठेवतात. त्या भोकात पाला अडकला होता आणि पाणी आत साचले होते. खारे पाणी लाकडाला राखते, गोडे पाणी त्याला कुजविते. मित्र असता तर पहिल्याच पावसानंतर त्याने जाऊन तो पाला काढला असता. राखण हा शब्द आपण मोठ्या अर्थाने वापरतो. पुष्कळदा ती एवढीच असते.

चैत्र-वैशाखात लाकूडकाम झाले. नवी फळी सरळ असते आणि होडीचे अंग वळणदार. फळी भिजवायची, जाळावर शेकायची, पुन्हा भिजवायची, आणि ती नरम पडताच चौघांनी दोरांनी व पाचरींनी आवळून फासळ्यांवर बसवायची. हे काम काही मिनिटांत उरकावे लागते, कारण लाकूड थंड झाले की हट्टाला पेटते. एकटा माणूस, मग तो कितीही कुशल असो, येथे हतबल होतो. कण्याखालचा भाग तपासण्यासाठी मचवा आधी एका अंगावर आणि मग दुसऱ्या अंगावर कलता करावा लागला. तेव्हा टेके हलविणारे, पाचरी मारणारे आणि नुसते डोळे लावून बसणारे, असे सारेच लागले.

मग आले दरजा भरण्याचे काम. जाणकारांना हे ठाऊक असेलच, परंतु तरुणांसाठी सांगतो. लाकूड वाळले म्हणजे रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जमिनीवर राहिलेल्या होडीच्या फळ्या तेवढ्याच लांब राहतात, पण दोन फळ्यांमधील दरज उघडते. तीतून जुना कापूस आकड्याने उपसून काढायचा, तेलात भिजविलेला नवा पीळदार कापूस बोथट पटाशीने व मोगरीने ठोकून भरायचा, आणि वरून राळ, चुना व तेल यांची लुकणी दाबायची. पोर्तुगीज भाषेत अशा कारागिराला कालाफाते म्हणतात आणि अरबीतही याच्याच जवळचा शब्द आहे. समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच विद्या नांदत होती, याची ही साक्ष होय.

आमच्या मचव्याच्या दोन्ही अंगांच्या दरजा मिळून सुमारे सातशे फूट भरल्या. या कामाला जोडी लागते. एकाने कापूस सोडायचा, दुसऱ्याने ठोकायचा. सारंगांचा हात यात बसलेला होता. ते आम्हांला म्हणत, "भाऊ, घट्ट भरा, पण दाटून भरू नका. फळीला पाण्यात गेल्यावर फुगायला जागा ठेवा. जागा नाही ठेवलीत तर ती फासळीचे खिळे उपटून काढील." मोगरीच्या आवाजावरून कापूस किती बसला हे त्यांना पाठमोरे उभे राहूनही कळत असे. गुरुजी आणि मी दोघे मिळून दिवसाला जेवढी दरज भरत होतो, तेवढी ते आणि लोहार न्याहारीपूर्वी संपवीत.

पावसाळाभर मचवा झापांखाली राहिला. ती झापे वहिनींनी आणि शेजारच्या बायकांनी विणली होती. श्रावणात उघडीप पाहून पाण्यावर राहणाऱ्या अंगाला उंडीचे तेल दिले. पाण्याखाली जाणाऱ्या तळाला चुना आणि तेल खलून केलेला पांढरा लेप दिला. अरबी समुद्रावरील गलबतांना पूर्वी चुना आणि चरबी लावीत. आमच्यात निरनिराळ्या घरांची माणसे होती, म्हणून चरबीऐवजी तेल घेतले. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. हा लेप कुंचल्याने लावीत नाहीत, तळहाताने चोपडतात, म्हणजे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक खिळ्याचे डोके हाताला कळते. नऊ जणांचे अठरा हात त्या दिवशी मचव्याच्या तळावरून फिरले.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी नारळी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या उधाणाला मचवा लोटायचे ठरले. आता एक प्रश्न उभा राहिला. नारळ कोणी वाढवायचा? रिवाजाप्रमाणे तो मान मालकाचा. मालक नाही, तर थोरल्या मुलाने वाढवावा, असे आपल्याच ज्ञातीतील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. विधवेने अशा कार्यात पुढे होऊ नये, हे त्यांनी स्पष्ट म्हटले नाही, पण अर्थ तोच होता. तेव्हा मेस्त्री म्हणाले, "या होडीची मालकीण कोण, ते मला ठाऊक आहे. ती नारळ वाढवील, तर मी टेके काढीन." एवढे बोलून ते टेक्यापाशी जाऊन बसले. भरती कोणासाठी थांबत नाही. वहिनी पुढे आल्या. त्यांनी नाळेला हळदकुंकू वाहिले, समुद्राला नारळ दिला आणि दुसरा नाळेपाशी वाढविला. ज्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली होती, त्यांचेच हात पुढच्या क्षणी दोराला लागले होते, हे मी आदराने नमूद करतो. तेल चोपडलेल्या ओंडक्यांवरून चाळीस माणसांच्या जोराने मचवा खाडीत उतरला.

येथे कथा संपत नाही. वाळलेली होडी पाण्यात उतरली की प्रथम गळतेच. लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत, दरजा आवळून येईपर्यंत तिच्यात कोणीतरी जागत बसावे लागते. त्या रात्री आम्ही पाळीपाळीने पाणी उपसले. पहिल्या प्रहरी दर घटकेला उपसावे लागे, पहाटे त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी सारंगांनी तळाशी हात घातला आणि ओंजळभरच पाणी वर काढले. "आता ही आपली आपण राहील," असे ते म्हणाले.

आता थोडे आजच्या व्यवहाराविषयी. फायबरच्या होड्या आल्या, त्या हलक्या आहेत, कुजत नाहीत, त्यांना टेरेडो लागत नाही. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याच मुलांची पोटे त्यांवर चालतात. परंतु तळ त्यांनाही आहे. त्यावर बार्नॅकल बसतात, आणि बाहेरच्या थराखाली पाणी शिरले तर फोड येतात. म्हणजे वर्षातून एकदा त्यांनाही किनारा आणि माणसांचे हात लागतातच. तळाला रंग देताना एक खबरदारी घ्यावी. एके काळी कथिलाचे विषारी संयुग मिसळलेले रंग जगभर लोकप्रिय झाले होते. त्यांनी बार्नॅकल मेले, पण फ्रान्समधील आर्काशॉनच्या उपसागरात कालवांची शिंपलीही जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांना ते रंग वर्ज्य केले. पुढे २००१ चा आंतरराष्ट्रीय करार होऊन २००८ पासून त्यांवर जागतिक बंदी आली. ज्यांच्या आया-बहिणी ओहोटीला खाडीत कालवे काढतात, त्यांनी रंगाच्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून मगच तो विकत घ्यावा.

लाकडी नौकेची विद्या अद्याप मेलेली नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून आरमाराने 'कौंडिण्य' हे शिवणीचे गलबत गोव्यात बांधवून घेतले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. २०२५ च्या मे महिन्यात ते कारवार येथे आरमारात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून २०२६ च्या जानेवारीत शिडाच्या बळावर मस्कतला पोहोचले. जुन्या जहाजांचे आराखडे कोणी कागदावर ठेवले नव्हते. विद्या कारागिरांच्या हातांत होती, म्हणून ती सापडली. आमच्या मेस्त्रींच्या हातातील विद्या मात्र अद्याप कोणी घेतलेली नाही. त्यांचा मुलगा फर्निचरच्या दुकानात आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही; होडीच्या कामावर आज घर चालत नाही.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. आपला विद्यार्थी साहाय्यक निधी दरवर्षी डॉक्टर व इंजिनियर होऊ पाहणाऱ्या मुलांना मदत करतो. ते उत्तमच आहे. त्याच निधीतून दोन वर्षांसाठी एक विद्यावेतन अशा मुलाला किंवा मुलीला द्यावे, जी वृद्ध मेस्त्रींपाशी राहून होडीचे लाकूडकाम आणि दरजा भरणे शिकेल. मेस्त्रींनाही शिकविण्याचे मानधन द्यावे. ते मूल आपल्याच ज्ञातीचे असावे अशी अट मात्र घालू नये. निधी ज्ञातीचा आहे, मग तो बाहेर का द्यावा, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो गैर नाही. माझे उत्तर एवढेच, की ज्या होड्यांवर आपल्या ज्ञातीचे नाव झाले, त्या बांधल्या सुतारांनी, त्यांचे खिळे घडविले लोहारांनी, आणि त्या हाकारण्यात आपल्या बरोबरीने मुसलमान खलाशी होते. हे देणे आपल्याकडे फार दिवसांपासून थकलेले आहे.

मचवा आज खाडीत आहे. वहिनींच्या धाकट्या मुलाने २०२५ च्या वैशाखात रजा काढून तो स्वतः वर ओढून घेतला, आणि बुचाच्या भोकावर जाळी बसविली.  सूचनेवर कार्यकारी मंडळाने याच वर्षी विचार करावा, कारण मेस्त्रींचे वय आता पंचाहत्तर आहे.